अर्जात लिहायचा शब्द

उत्रोलीच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तर समोर माझा भाचा आठ फूट उंच उभा. फ्लेक्सवर. अंगात हिरवट ठिपक्यांची वर्दी, कानापर्यंत ओढलेली टोपी, आणि चेहरा फळ्यासमोर उभं केलं अन् उत्तर येत नाही अशा पोराचा. खाली मोठी अक्षरं: ‘आपल्या गावचे सुपुत्र यांची परदेशी सैन्यदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ त्याच्या खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. मी भोरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. फ्लेक्स दिसला की मला आधी शुद्धलेखनाच्या चुका दिसतात आणि डोकं फिरतं. त्या दिवशी एकही चूक दिसली नाही. नजर त्या चेहऱ्यावरून हललीच नाही.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक. बाप लवकर गेला, मग आईनं दुसऱ्याच्या आणि स्वतःच्या खाचरात भात लावून त्याला वाढवला. अभ्यासात यथातथाच, पण हाताला चव अशी की विचारू नका. किकवीजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात भट्टीवर होता. तिथं कोण एक एजंट जेवायला यायचा. त्यानं परदेशातल्या मोठ्या हॉटेलात कुकची नोकरी लावून देतो म्हणून सांगितलं. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. शेजारच्या देशाशी त्याचं युद्ध चाललं होतं एवढं पुरे. मी विचारलंही. एजंट म्हणाला, ‘मॅडम, लढाई सरहद्दीवर, हॉटेल शहरात. माणसं लढाईतबी जेवतातच की!’ पोरगं हसलं आणि गेलं.

सुरुवातीला रोज फोन यायचा. मग एका सकाळी धाकटीच्या मोबाईलवर तो वर्दीतला फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. तिनं तो शेजारणीला दाखवला, शेजारणीच्या सुनेनं गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि दुपारपर्यंत गाव उठून बसलं.

आमच्याकडचं हे बाहेरच्यांना कळायचं नाही. भाटघरच्या धरणाच्या रस्त्यानं पहाटे पोरं पळताना दिसतात, ती भरतीसाठी. एखादा पास झाला की त्याला उघड्या जीपमध्ये उभं करून मिरवतात, गुलाल उधळतात, डीजे लावतात, आईला शाल-नारळ देतात. सुट्टीवर आला की पुन्हा मिरवणूक, निवृत्त झाला की पुन्हा. वर्दीतल्या पोराचा फोटो आला की काय करायचं, हे गावाला शिकवावं लागत नाही. वर्दी कुठली, कुणाची, हॉटेलात गेलेल्या पोराच्या अंगावर आली कशी, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. पोरगं तिथं नव्हतं, म्हणून आईला पंचायतीत खुर्चीवर बसवलं, शाल घातली, गावभर पेढे वाटले, फोटो काढले.

आणि ती बसली. हसली. तिला मी बोल लावणार नाही. वेल्ह्याकडं आमचं माहेर. तिथं आमचे आजोबा तरुणपणी चावडीच्या पायरीखाली हात बांधून उभे राहायचे. त्यांच्या नातीला सगळ्या गावानं मधोमध खुर्ची मांडून दिली. मी गेले तेव्हा शाल तिच्या मांडीवर होती. ती एकसारखी तिच्यावरून हात फिरवत होती.

“आक्का, पलटणीतल्या आज्याचं रगात उतरलं बघ पोरात,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “त्याच्याशी बोललीस का?”

“रेंज न्हाई लागत तिकडं. मिलिटरीत आसंच आसतंय.”

फोन पुढच्या आठवड्यात आला, आणि माझ्या मोबाईलवर आला. भाच्याचा आवाज ओळखूच येईना.

“मावशी, आई हाय का जवळ?”

“नाही रे, ती तिकडं, मी भोरला. आधी सांग, कसा आहेस?”

“मावशी, म्या भरती न्हाई झालो गं. आमाला हॉटेलावरनं उचललं. येक कागद फुडं ठिवला, वाचाया येईना. सई कर न्हाईतर जेलात जा, म्हणले. पासपोर्ट काढून घेतला. मंग कापडं घाटली अंगात, फोटू काढला, घरी धाड म्हणले. आता खंदक खांदाया लावत्यात. लवकरच फुडं धाडणार हायेत. मावशी, मला न्या गं हितनं. आईला सांगू नगं.”

फोन कटला. नंतर कितीदा लावला, बंदच.

आईला सांगू नको म्हणे! आईच्या सहीशिवाय त्याला सोडवायचा अर्ज कसा व्हायचा? मी तशीच उठून उत्रोलीला गेले आणि सगळं सांगितलं. धाकटी रडली नाही. उठली, बाहेर गेली आणि चावडीशेजारी बसलेल्या पोरांना म्हणाली, “त्यो बोर्ड काढा.” पोरांनी का म्हणून विचारलं, तेव्हा मी खालच्या आवाजात सांगितलं. त्यांची तोंडं पडली. त्याच संध्याकाळी त्यांनी फ्लेक्स उतरवला. गुंडाळताना भाच्याचा चेहरा आतल्या बाजूला येईल अशी गुंडाळी केली, बाहेर ठेवला नाही. पोरं वाईट नव्हती हो. त्यांना आनंदच झाला होता.

अर्ज घेऊन आम्ही दोघी मोठ्या शहरातल्या कचेरीत गेलो. कुठली ते सांगण्यात अर्थ नाही. साहेब माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. चहा मागवला, धाकटीला पंख्याखाली बसवलं. अर्ज वाचला. मग स्वतःचा मोबाईल माझ्यासमोर धरला. पंचायतीतला फोटो होता. शाल, नारळ, धाकटीचं हसू, मागे पेढ्यांचा बॉक्स. कुणीतरी बातमी करून टाकली होती.

“मॅडम, तुम्ही लिहिलंय मुलाला सक्तीनं सैन्यात नेलं. सक्तीनं नेलेल्या मुलाचे पेढे वाटतात का?”

“आमच्याकडं वाटतात,” मी म्हटलं. “वर्दी दिसली की वाटतात. आधी वाटतात, मग विचारतात.”

माझा आवाज चढला होता. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण हा फोटो वरच्यांनीही बघितलाय. आणि दुसरं म्हणजे, सक्तीची लष्करी भरती हा त्या देशाचा कायदा आहे, त्यांच्या स्वतःच्या नागरिकांसाठी. तुमचा मुलगा परका, त्याची कागदावर सही. म्हणजे हा शब्द इथं लागू होत नाही. नेमकं काय झालं ते दुसऱ्या शब्दात लिहा. पहिल्या ओळीत कळेल असं. पूर्ण अर्ज कुणी वाचत नाही.”

जिन्यावर धाकटी म्हणाली, “आक्का, तुजं तर आयुक्श शबुदांत गेलं. तुला घावंल.”

दुसऱ्या दिवशी मी भोरच्या घरात पलंगभर कोश मांडून बसले. हा माझा जुना नाद. शेजारणी पापड लाटतात, मी शब्द कुठून आला ते बघत बसते. आजवर गंमत म्हणून बघत होते. त्या दिवशी एका पोराला बाहेर काढण्याइतका मजबूत शब्द हवा होता, आणि मराठीत तो सापडता सापडेना.

‘सक्तीची लष्करी भरती’ घ्या. तीन शब्द एकमेकांना बांधून उभे केलेले. सक्ती फारशीतली, मूळ अर्थ कडकपणा. लष्करही फारशीतलंच. भरती तेवढी घरची, भरण्यावरून आलेली. कणगी भरावी तशी पलटण भरायची. फौज अरबीतून आली, शिपाई फारशीतून. पलटण साहेबाच्या भाषेतून, आणि रंगरूट म्हणजे साहेबाचाच ‘रिक्रूट’, आपल्या तोंडात रंगून निघालेला. पदरच्या घोड्यानिशी येई तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. आणि या बारगीराचा मूळ अर्थ काय, तर ओझं वाहणारं जनावर! नोकर हा शब्द तर थेट मंगोलांकडून निघालेला, तिकडं त्याचा अर्थ सोबती. सोबत्याचा चाकर कधी झाला, ते कोश सांगत नाहीत. एवढे सगळे शब्द, पण माणसाला इच्छेविरुद्ध धरून रणात उभं करण्याला एकसुद्धा घरगुती शब्द नाही. मला राग आला. या भाषेवर मी जन्मभर पोट भरलं, आणि गरज पडली तेव्हा हिनं हात वर केले.

खरं तर एक शब्द होता. तो मला पहिल्यापासून माहीत होता आणि मी त्याच्याभोवती फिरत होते. वेठ.

वेठ संस्कृतातल्या विष्टीपासून आली, म्हणजे फार जुनी. राजा बदलला, भाषा बदलली, वेठ तीच राहिली. पुढं फारशीतली बिगार तिच्या जोडीला येऊन बसली आणि वेठबिगार झाली. पण हे मला कोशात वाचावं लागलं नाही. आमच्या घरानं ती वाहिलेली आहे. महारकी आमच्याकडं. साहेबाचा मुक्काम हलायचा असला की चावडीवरून सांगावा यायचा, आणि आजोबांनी हातातलं काम टाकून डोक्यावर पेट्या घ्यायच्या, डोंगर चढून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायच्या. ना पैसा, ना भाकर. मग मोठ्या लढाईच्या वेळी आजोबा कुणाला न सांगता पुण्याला पळाले आणि पलटणीत नाव घातलं. परत आले ते पायांत बूट घालून. चावडीवरून पुन्हा सांगावा आला, तेव्हा बूट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘आता न्हाई.’ पुढं ते आम्हा नातींना सांगायचे, “पलटणीतबी हुकूम आसतोय. पर त्यो समद्यास्नी सारका आसतोय. आन म्या माज्या पायानं गेलोय.”

आमच्या घरात वेठ आणि पलटण ही दोन टोकं होती. एकातून सुटायचं तर दुसरीकडं जायचं. ‘वेठ वारल्यासारखं काम करू नका’ असं शाळेत सगळे शिक्षक मुलांना म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. घरात कुणाच्या तोंडून निघालं तर आजोबा ताटावरून उठायचे.

अर्जाची पहिली ओळ मी लिहिली: ‘माझ्या मुलाला वेठीस धरून परक्या सैन्यात नेले आहे.’ आणि उत्रोलीला जाऊन धाकटीला वाचून दाखवली. ती भात निवडत होती. सूप तसंच हातात राहिलं.

“दुसरा शबूद घावला न्हाई व्हय तुला? यवडी पुस्तकं हायती घरात!”

“हाच खरा आहे.”

“आसंल खरा. आज्यानं बुटं घालून त्यो घराबाहीर काढला आन तू त्यो माज्या लेकाच्या नावाम्होरं लिवतीस? गावानं मला खुर्ची दिली आक्का. आता समदी म्हणतील, ह्यांचं शेवटी त्येच.”

“मग काय लिहू?” माझा तोल गेला. “निवड झाली लिहू? हार्दिक अभिनंदन लिहू?”

बोलून गेले आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. फोटो आल्यापासून पहिल्यांदाच. मीही तिथंच उंबऱ्यात बसून रडले. दोन म्हाताऱ्या होत आलेल्या बहिणी, बाहेर कोंबड्या निवडलेलं भात खातायत आणि कुणी हाकलत नाहीये. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

“लिव,” ती म्हणाली. “कुटं सई करायची त्ये दाव. त्यो आला म्हंजी त्येच्याच हातानं खोडून घिऊ.”

अर्ज गेला. मग वाट बघणं. ते साहेब मधूनमधून फोन करायचे, “विचाराधीन आहे, मॅडम.” विचाराधीन! मी या शब्दाचा समास फळ्यावर शेकडो पोरांना सोडवून दाखवला असेन. आता ऐकला की अंगाची लाही व्हायची. पण त्यांच्यावर ओरडून काय उपयोग, त्यांच्या हातात तेवढाच शब्द होता. धाकटी लावणीला जायची. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाऊजमध्ये ठेवायची आणि चिखलात वाकून काम करताना मध्येच सरळ व्हायची, हात पदराला पुसायची, बघायची. बाकीच्या बाया मान खाली घालून रोपं खोचत राहायच्या. त्या सगळ्याजणींनी पेढे खाल्ले होते. एक जण रोज तिची अर्धी पात आपण लावून टाकायची. संध्याकाळी घरी आली की धाकटी मला फोन करायची. “आक्का, न्हाई आला,” एवढंच म्हणायची आणि ठेवायची. पुढं पुढं मीच आधी फोन करून “नाही ना आला?” विचारायचे, तेवढंच तिचं बोलणं वाचायचं.

एकदा भाच्याचाच मेसेज आला, लिहिलेला नव्हता, बोललेला. वाऱ्याचा आवाज आणि मधून तो. “आई, म्या बरा हाय. हितं सैपाकाचंच काम दिलंय. काळजी करू नगं.” धाकटीनं तो दिवसातून कितीदा ऐकला असेल. मला म्हणाली, “सैपाकाचं हाय म्हणतोय.” मी म्हटलं, “हो गं.” दोघींनाही कळत होतं. स्वयंपाकघरात इतका वारा नसतो.

भात पोटरीला आलं त्या सुमाराला मला हिंदीत बोलणाऱ्या एका मुलाचा फोन आला. दुसऱ्या राज्यातला, तसाच फसून गेलेला, पाय जायबंदी झाला म्हणून सुटून आलेला. माझा नंबर भाच्यानं त्याच्याकडून पाठ करून घेतला होता. “मौसी,” तो म्हणाला आणि थांबला. मला ते थांबणंच पुरलं. खंदक खणताना वरून ड्रोन आलं, एवढं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, “वो हम सबके लिए खाना बनाता था, मौसी. छुप के.” आणि रडायला लागला. मीच त्याची समजूत काढत बसले.

त्यानंतर साहेबांचा फोन आला. “मॅडम, तुमचा अर्ज वर पोचला होता. पहिली ओळ त्यांनी वाचली. मुलाला सोडवण्याची बोलणी सुरू झाली होती.” मी म्हटलं, “ठेवा साहेब.” त्यांच्यावर चिडायलाही काही उरलं नव्हतं.

उत्रोलीला जाऊन हे सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. धाकटी दारातच उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, “बोलू नगंस.”

पेटी यायला पुष्कळ दिवस लागले. आली ती सीलबंद, उघडायची नाही असा शिक्का मारलेली. विमानतळावरून ॲम्ब्युलन्सनं हायवेनं आणली. ॲम्ब्युलन्सच्या मागे मोटारसायकली लागल्या, कुठून कुठून आल्या कुणास ठाऊक. सैन्यातून पोराची पेटी आली तर काय करायचं, हेही आमच्या भागाला पाठ आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली झेंडूनं सजवलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची पोरं उभी, गावातली दुकानं बंद. कुणी नेता आला नव्हता, सरकारी सलामी नव्हती, म्हणून गावानंच आपल्या परीनं सगळं केलं होतं. मी ते थांबवलं नाही. थांबवून सांगणार काय होते?

विहारासमोर पेटी उतरवली. भन्तेंनी वंदना घेतली. भन्ते थांबले तशी मागून एक पोरगा ओरडला, “वीर जवान!” आणि शंभर गळे एकदम, “अमर रहे!” पुन्हा “वीर जवान!” पुन्हा “अमर रहे!” पोरांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मनापासून ओरडत होती ती. विहाराच्या पत्र्यावर आवाज आपटत होता. लहान मुलं आयांना चिकटली.

धाकटी पेटीशेजारी खाली बसलेली. तिनं पेटीच्या वरच्या टोकाशी, डोकं असेल त्या अंदाजानं, दोन्ही तळवे टेकवले, कान झाकावेत तसे. मग वळून पोरांकडं बघितलं.

“वरडू नगा रं,” ती म्हणाली. “भ्यालाय त्यो.”